एकाच कणगीत सगळं धान्य नको

परवा रविवारी सकाळी चहाचा दुसरा कप हातात घेतला आणि धारवाडहून अक्काचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. "अरे, हा पोरगा सकाळपासनं कॉम्प्युटर उघडून बसलाय बघ. तीन डिस्क जोडून एकच मोठी करतो म्हणतोय. आत्तींचं सगळं त्यातच आहे की! करू देऊ का नको, तेवढं सांग."

आत्ती म्हणजे अक्काच्या सासूबाई. माहेर अथणीकडचं, कानडी. मुलांशी कानडी बोलायच्या, सुनेशी मराठी आणि नातवंडांशी दोन्हीची मिसळ. आपल्या भागात हे काही नवीन नाही. त्यांच्या शेवटच्या दोन पावसाळ्यांत भाच्यानं एक चांगलं काम केलं होतं. अज्जीच्या शेजारी मोबाईल ठेवून तो त्यांना बोलतं करायचा. शेंगा होळिगेचं सारण कसं करायचं, लहानपणी बैलगाडीनं सौंदत्तीच्या यल्लम्माला कसे जायचे, जात्यावरच्या ओव्या, कुठल्या घराशी आपलं काय नातं. अशी एकूण अडतीस ध्वनिमुद्रणं झाली होती. आत्ती जाऊन आता दोन वर्षं झाली. मध्यंतरी मोबाईल बदलला, तेव्हा जुन्यातलं सगळं पुसून टाकलं. "होगली बिडु, कॉम्प्युटरमध्ये आहे की," असं दाजीच म्हणाले होते.

मी अक्काला म्हटलं, "त्याला सांग, हात काढ. कशालाच 'यस' म्हणू नको. मी दुपारच्या गाडीनं येतो."

मंडळी, एवढी घाई का केली, ते सांगतो. २०११ साली माझ्याच घरच्या संगणकातली डिस्क एका रात्रीत गेली होती. मुलाच्या मुंजीचे सगळे फोटो तिच्यात. दुरुस्तीवाल्यानं महिनाभर ठेवून घेतली आणि शेवटी हात वर केले. मुंज काही पुन्हा करता येत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं आहे.

धारवाडला पोचलो तर दिवाणखान्यात सतरंजीवर सगळा संसार मांडलेला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे भाच्यानं नवा मदरबोर्ड आणला होता. त्याच्याबरोबर ५०० जीबीची एसएसडी आणि २ टीबीची नवी हार्ड डिस्क. जुन्या संगणकातली ५०० जीबीची डिस्क होतीच, शिवाय दाजींच्या बंद पडलेल्या संगणकातली १ टीबीची. एसएसडीवर विंडोज घालायचं आणि बाकी तीन हार्ड डिस्क विंडोजच्या 'स्टोरेज स्पेसेस' या सोयीनं जोडून साडेतीन टीबीची एकच मोठी जागा करायची, असा त्याचा बेत. "मामा, मग कुठली फाईल कुठं आहे ते शोधायलाच नको!"

बेत ऐकायला छान होता. पण त्यात दोन खड्डे होते. पहिला म्हणजे, या सोयीत जी डिस्क घ्याल तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. संगणक तशी सूचना देतो, पण ती वाचतो कोण? दुसरा खड्डा त्याहून खोल. साध्या पद्धतीनं जोडलेल्या तीन डिस्कमधली एक जरी गेली, तरी सगळी जागाच कोसळते. म्हणजे जागा तिप्पट झाली की धोकाही तिप्पट, आणि साखळीची ताकद तिच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या कडीएवढी. इथे ती म्हातारी कडी नऊ वर्षांची होती.

जुनी डिस्क जोडून कान लावला. मधूनच टक्, टक् असा आवाज. डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम आहे, तो चालवला. पिवळी खूण आली, म्हणजे सावधान. डिस्कवरच्या काही जागा निकामी झाल्या होत्या. भाच्याचा चेहरा उतरला. "चेकडिस्क चालवू का मामा?" असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नको. आजारी माणसाला आधी दवाखान्यात न्यायचं, का त्याला गडावर चढवून दम तपासायचा? डिस्क तपासणारा प्रोग्राम तिला कोपरा न् कोपरा वाचायला लावतो, आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्यातच बसते. आधी सामान बाहेर काढायचं. तेही सगळं एकदम नाही, तर ज्याचं मोल जास्त ते पहिलं.

अक्काला विचारलं, "पहिलं काय?" तिनं क्षणभरही विचार केला नाही. "आत्तींचा आवाज."

नव्या डिस्कवर एकेक फाईल घ्यायला लागलो. अडतीसपैकी छत्तीस आल्या. दोन मात्र अर्ध्यावर थांबायच्या. तीनदा प्रयत्न केला, मग हात जोडले आणि फोटोंकडे वळलो. फोटो, घराचे कागद, शेताच्या उताऱ्यांचे स्कॅन हे बहुतेक सगळं रात्री अकरापर्यंत बाहेर आलं. राहिलेल्या दोनांतली एक फाईल दुसऱ्या दिवशी हुबळीच्या नणंदेच्या मोबाईलवर सापडली, कधीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती म्हणून. दुसरी गेली ती गेलीच. ती ओव्यांची होती. अक्का काही बोलली नाही. आत जाऊन भात लावला.

आता मुख्य प्रश्न, घरच्या संगणकात एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर त्यांची मांडणी कशी करावी?

आपल्याकडची एक जुनी समजूत आधी बाजूला ठेवू. दुकानदार संगणक देताना एकाच डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे करून द्यायचे आणि सांगायचे, "सीवर विंडोज, डीवर तुमचं सामान, सुरक्षित राहील." विंडोज बिघडून पुन्हा घालावं लागलं तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच गेली तर? एका छपराखालच्या तीन खोल्या त्या. छप्पर पडलं की तिन्ही गेल्या. तुकडे म्हणजे वेगळ्या डिस्क नव्हेत.

आम्ही धारवाडला केलेली मांडणी अशी. एसएसडी हा स्वयंपाकघरातला ओटा. रोज हाताशी लागणारं तेवढंच तिथं ठेवायचं, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण दीडशे ते दोनशे एमबी वाचते. साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर जाते, आणि मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई तर हजारांत. एसएसडीत फिरणारा भाग नसल्यानं बारीकसारीक फाईली उघडण्यात ती आणखी पुढे. त्यामुळे संगणक झटकन सुरू होतो तो तिच्यामुळे. मात्र ती काठोकाठ भरू नये, थोडी जागा मोकळी सोडावी.

विंडोज घालताना एक पथ्य पाळा, बाकीच्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा. नाहीतर संगणक सुरू करणारा छोटा भाग कधीकधी भलत्याच डिस्कवर जाऊन बसतो, आणि पुढे ती डिस्क काढली की संगणक उठतच नाही. शिवाय चुकून भलती डिस्क पुसली जाण्याची भीतीही राहत नाही.

२ टीबीची डिस्क हे कोठीघर. फोटो, ध्वनिमुद्रणं, कागदपत्रं सगळं तिथं. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' बदललं, की नव्या फाईली आपोआप कोठीघरात जातात. भाच्याला जे हवं होतं, शोधाशोध नको, ते एवढ्यानंच साधलं. या डिस्कला नाव काय द्यायचं, यावर घरात चर्चा झाली. मी म्हटलं 'कणगी', दाजी म्हणाले 'कणज'. दोन्हीचा अर्थ धान्याचं कोठारच. शेवटी 'कणज' ठेवलं, कारण मत देणारे तिकडचे जास्त होते!

आणि हो, २ टीबीच्या डिस्कवर विंडोज १.८१ दाखवतं, १ टीबीवर ९३१ जीबी. दुकानदारानं फसवलं असं समजू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

तिसरी, १ टीबीची डिस्क तपासली तर ठणठणीत निघाली. ती संगणकात न बसवता वेगळ्या वीजजोडणीच्या यूएसबी केसमध्ये घातली. दर रविवारी जोडायची, कणजमधलं मोलाचं सामान तिच्यावर उतरवायचं आणि काढून कपाटात ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामनं जगभरच्या संगणकांतल्या फाईली कुलूपबंद केल्या होत्या. असे प्रोग्राम जोडलेल्या डिस्कवरच्या प्रतीही सोडत नाहीत. वीज कडाडली तरी न जोडलेल्या डिस्कला काही होत नाही.

इथे भाच्यानं रास्त प्रश्न विचारला. "मामा, रेड केलं तर? दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिलं जातं." रेड ही कल्पना नावारूपाला आली १९८८ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या निबंधामुळे. तिच्यातला आरशाचा प्रकार, म्हणजे रेड १, खरंच उपयोगाचा आहे. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. ज्या दुकानात दिवसभर बिलं फाडायची असतात तिथं तो जरूर करावा. पण आरसा तो आरसाच. इकडे चुकून फाईल पुसली, की त्याच क्षणी तिकडेही पुसली जाते. घराला काम न थांबण्याची गरज कमी आणि जुनी प्रत असण्याची जास्त. म्हणून दोन डिस्क असतील तर आरसा करण्याऐवजी एक बाहेर काढून ठेवणं बरं.

राहिली शेवटची प्रत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घटप्रभेचं पाणी गोकाकमध्ये शिरलं, तेव्हा आमच्या एका पाहुण्यांच्या घरी संगणक आणि बाहेरची डिस्क, दोन्ही बुडाली. प्रती दोन होत्या, पण एकाच खोलीत. म्हणून जाणते लोक तीन-दोन-एक असा हिशेब सांगतात. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. अक्काची तिसरी प्रत आता बेळगावात माझ्या कपाटात, एका छोट्या पॉकेट डिस्कवर आहे. गणपतीला आणि पाडव्याला, म्हणजे त्यांच्या युगादीला, येणंजाणं होतंच, तेव्हा ती ताजी करायची. ज्यांना इंटरनेटवर ठेवायचं आहे त्यांनी जरूर ठेवावं, पण गुगलची मोफत जागा १५ जीबीच आहे, आणि फोटोंची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, हे ध्यानात असू द्या. अक्कानं फक्त आत्तींचा आवाज तिथंही ठेवला आहे.

आपल्या दुभाषी घरांसाठी आणखी एक सूचना. जुनी मराठी पत्रं श्रीलिपीत, कानडी कागद नुडीत टाईप केलेले असतील, तर नुसती फाईल जपून भागत नाही. तो फॉन्ट नसेल तर नातवंडांना अक्षरांऐवजी किडेमुंग्या दिसतील. फाईलच्या शेजारी तिचा फॉन्ट आणि एक पीडीएफ प्रतही ठेवा. फाईलींची नावं सालापासून सुरू करा, म्हणजे त्या आपोआप क्रमानं लागतात.

आणि दर सहा महिन्यांनी बाहेरच्या डिस्कवरची एखादी फाईल उघडून बघा. उघडते का, हे न पाहिलेली प्रत म्हणजे न चाखलेलं लोणचं. बरणी उघडल्यावरच कळतं.

जुन्या डिस्कचं काय केलं? भाचा म्हणाला, अजून चालते, सिनेमे ठेवू. ठेवा, पण जे गेलं तरी चालेल तेवढंच. तरी अक्कानं ती दिलीच नाही. न आलेली ओव्यांची फाईल तिच्यात आहे ना! कापडात गुंडाळून देवघराच्या खणात ठेवली आहे. पुढे कधी जमलं, तर चांगल्या तज्ज्ञाकडे देऊ.

निघताना भाचा स्टँडवर सोडायला आला. म्हणाला, "मामा, त्या ओव्या मला थोड्या आठवतात. आईला पण. दोघं बसून म्हणतो आणि रेकॉर्ड करतो."

मी म्हटलं, "कर. आणि तीन ठिकाणी ठेव."