फणस राहू द्या, पॅनेल सरकवा



सोलरवाले आमच्या गच्चीवर आले ते मे महिन्यात, ऐन दुपारी. फणसाची सावली तेव्हा बुंध्याशीच होती. "काकू, सावलीचा प्रश्नच नाही, तीन किलोवॅट बसवून टाकू." मी म्हटलं, डिसेंबरात या. थंडीत याच गच्चीवर गोधड्यांना ऊन देताना त्या कितीदा सरकवाव्या लागतात, हे मला ठाऊक होतं.

आपल्या जव्हारला २० मेच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. २२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो की भर दुपारीही सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी पडते, आणि साडेतीनला पावणेदोनपट. गच्चीच्या वर वीस फूट गेलेल्या झाडाची सावली पस्तीस फूट! त्यातून आपले पावसाळ्याचे महिने ढगातच जातात. म्हणजे खरी कमाई थंडी-उन्हाळ्याची. शिवाय पॅनेल एका माळेत जोडलेली असली, तर एकावर सावली आली तरी बाकीच्यांची वीजही घटू शकते.

डिसेंबरात मी नऊ, बारा आणि तीनला गच्चीवर खडूने सावलीच्या रेघा मारल्या. फणस नैऋत्येला. दुपारनंतर निम्मी गच्ची सावलीत. सोलरवाले म्हणाले, "मग फणस तोडा."

इथे माझं मत स्पष्ट आहे. तो फणस सासूबाईंनी लावलेला. आपण चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करतो, कारण त्यातल्या जिवांची काळजी वाहतो. मग विजेच्या बिलासाठी उभं झाड पाडायचं कोणत्या तोंडाने? शिवाय नगरपरिषदेच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडणं हा कायद्यानेही गुन्हा आहे.

हिशेबही मांडून पाहिला, कॉमर्सची पदवी काही वाया गेलेली नाही! पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान, तीनला ७८,०००. तिसऱ्या किलोवॅटला फक्त १८,००० मिळणार, बाकी पैसे आपले, आणि तो बसणार सावलीत. आम्ही मोकळ्या आग्नेय कोपऱ्यात दोनच बसवले. एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात, आम्हा दोघांना तेवढं पुरतं.

सख्यांनो, विक्रेता उन्हाळ्यात येईल. तुम्ही सही मात्र डिसेंबरची सावली बघूनच करा.