नवा कामगार कायदा आला, पण घरातल्या सुतारकामाच्या धुळीचं काय?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा आणि आरोग्याविषयीच्या संहितेत कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. पण ती मुख्यतः 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. दोन-तीन कारागिरांचं सुताराचं दुकान बहुधा तिच्या बाहेरच राहतं. निवृत्तीनंतर बाल्कनीत करवत, रंधा आणि सँडर मांडून बसलेले तुम्ही तर पूर्णच बाहेर. तुमच्या घरातली हवा तपासायला कोणी येणार नाही.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं. इंग्लंडमधल्या हाय विकम भागातल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग जास्त आढळतो, हे 1960च्या दशकात लक्षात आलं होतं. युरोपीय संघाने 2023 पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 3 वरून 2 मिलिग्रॅमवर आणली. घाबरू नका, हे रुग्ण वर्षानुवर्षं, दिवसभर धुळीत काम करणारे होते. छंद म्हणून काम करणाऱ्याला बहुधा आधी त्रास होतो तो शिंका, दमा किंवा त्वचेवरच्या पुरळाचा. सागवान आणि शिसवीची धूळ काहींच्या त्वचेला मुळीच सोसत नाही.

बहुतेकांची चूक इथे होते: रंध्यातून निघालेले छिलके डोळ्यांना दिसतात, म्हणून तेच झाडले जातात. त्यांचा फुप्फुसाला फारसा त्रास नाही. त्रास देते ती सँडर आणि एमडीएफ कापताना उडणारी बारीक धूळ. ती तासन्‌तास हवेत तरंगते आणि शेजारी वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. घरात दम्याचं मूल असेल तर त्याला ती आधी बाधते.

मशीनच्या रंध्याला मोठा पाइप आणि भरपूर हवा ओढणारा डस्ट कलेक्टर लागतो, नाहीतर छिलके पाइपात अडकतात. सँडरला उलट, बारीक पाइप आणि जोरदार ओढ असलेला व्हॅक्यूम थेट जोडावा. साध्या कापडी पिशवीचा कलेक्टर छिलके अडवतो, पण बारीक धूळ गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. मग जमीन स्वच्छ दिसते आणि श्वासात धूळ जास्त जाते! त्यामुळे हेपा फिल्टर घ्या, किंवा मशीन बाहेर ठेवा. व्हॅक्यूमच्या आधी झाकणाची चक्राकार बादली लावली तर फिल्टर लवकर भरत नाही. पिशवी घरात झटकू नका, आणि केरसुणीऐवजी व्हॅक्यूम किंवा ओला फडका वापरा. पंखा सुरू ठेवून सँडिंग करणं तर अगदीच वाईट.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 हवा. रुमाल बांधून काही होत नाही. काम थांबवल्यावर लगेच मास्क काढू नका, धूळ तेव्हाही हवेतच असते.

काम केलेल्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छातीत घरघर होत असेल आणि चार दिवस काम बंद केल्यावर ती कमी होत असेल, तर तपासणी करून घ्या. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल किंवा ती आठवड्यांनंतरही बंदच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लवकर जा. तपासताना सुतारकाम करता हे आणि कोणतं लाकूड वापरता हे आपणहून सांगा. डॉक्टर क्वचितच विचारतात.