स्वभावाला औषध नसतं!

मुलीसाठी स्थळ बघताना आपण पगाराइतकीच चौकशी स्वभावाची करतो. ‘मुलगा तापट नाही ना हो?’ हा प्रश्न ठरलेला. मग मैत्रिणींनो, देश ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्याबद्दल तो का विचारू नये?

अमेरिकेत २०१६च्या निवडणुकीत तो विचारला गेला. एका ट्विटने डिवचला जाणारा माणूस अण्वस्त्रं कशी सांभाळणार, असा हिलरी क्लिंटन यांचा सवाल होता. ट्रम्प म्हणाले, माझा स्वभाव हेच माझं मोठं बळ! पुढे २८ फेब्रुवारी २०२५ला व्हाइट हाउसमध्ये, कॅमेऱ्यांसमोर, त्यांची युक्रेनच्या झेलेन्स्कींशी खडाजंगी झाली. खनिज करारावरची सही त्या दिवशी राहिली. पाठोपाठ युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनची लष्करी मदत आठवडाभर थांबली.

याउलट १९६२ साली क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा सेनाधिकारी हल्ल्याचा आग्रह धरत होते. केनेडींनी डोकं शांत ठेवून नाकेबंदी केली, ख्रुश्चेव्ह यांच्याशी पत्रव्यवहार केला, तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढायचंही गुपचूप कबूल केलं. तेरा दिवसांत अणुयुद्ध टळलं. एक पाऊल मागे घेणं म्हणजे भित्रेपणा नव्हे.

आणि ‘बायका भावनाप्रधान, त्यांना राजकारण कसं झेपणार?’ हे मात्र आपल्यालाच ऐकवतात! मला वाटतं, उमेदवार पुरुष असो की बाई, जाहीरनाम्याबरोबर त्याचा स्वभावही वाचावा. घरातल्या तापट माणसाची झळ एका घराला लागते. राष्ट्रप्रमुखाची मात्र सीमेपलीकडच्या घरांनाही.