राख काळी दिसली तर कोळसा वाया गेला समजा. तिरोडा, मौद्याची राख आणि आपल्या घरकुलाच्या विटा

तुमसर : राईस मिलच्या मागं भुशाच्या राखेचा ढीग कुणी पाहिला नाही? कधी पांढुरकी, कधी काळी कुळकुळीत. काळी म्हणजे भुसा पूर्ण जळलाच नाही. वीज केंद्राच्या बॉयलरचंही तसंच आहे, फक्त तिथे डोळ्यांवर भागत नाही, मोजावं लागतं.

आपल्या तालुक्याच्या एका बाजूला तिरोड्याचं 3300 मेगावॅटचं केंद्र, दुसरीकडे मौद्याचं 2320 मेगावॅटचं. आपल्याकडच्या कोळशात राखच खूप, शंभर किलोत 35-40 किलो सहज निघते. केंद्रातली राख वापरलीच गेली पाहिजे, असं केंद्र सरकारची 31 डिसेंबर 2021 ची अधिसूचना सांगते. म्हणून ती सिमेंटमध्ये, रस्त्यात आणि विटांत येते. घरकुलाच्या भिंतीतसुद्धा.

मोजतात कसं? राखेचा नमुना आधी 105 अंशाच्या आसपास सुकवतात, वजन करतात. मग भट्टीत साडेसातशे अंशांच्या वर तापवून पुन्हा वजन. जेवढं घटलं, तेवढं साधारण न जळलेलं कार्बन. याला ज्वलन-घट म्हणतात, इंग्रजीत लॉस ऑन इग्निशन, प्रयोगशाळेच्या कागदावर एलओआय. मातीतलं बांधलेलं पाणीही त्यात उडतं, म्हणून आकडा अगदी कार्बनचाच असतो असं नाही. नमुना कुठून घेतला त्यावरही बरंच आहे. खाली पडणाऱ्या जाड राखेत आणि चिमणीआधी अडवलेल्या बारीक राखेत फरक पडतो.

आता पैशाचा हिशेब करू. शंभर किलो कोळशात 35 किलो राख धरा. राखेत 5 टक्के कार्बन राहिलं तर जवळपास पावणेदोन-दोन किलो होतं. शुद्ध कार्बनमध्ये किलोला 8000 किलोकॅलरीच्या घरात उष्णता, आपला कोळसा साडेतीन हजाराचा. म्हणजे शंभरातला चार किलो कोळसा राखेसोबत गेला! एक टक्का राहिलं तर एक किलोही नाही. 660 मेगावॅटचा एक संच तासाला 400 टनांच्या आसपास कोळसा खातो, म्हणजे या दोन आकड्यांतला फरक तासाला बारा-तेरा टन. कोळसा नीट दळला नाही, हवा कमी पडली, की आकडा वर जातो. इंधनाचा खर्च शेवटी विजेच्या दरात येतोच, भाऊ.

विटांचं मात्र दुहेरी आहे. मातीच्या विटांत राख मिसळून भट्टीत भाजली, तर उरलेलं कार्बन आतूनच जळतं, सरपण वाचतं. सिमेंट घालून, न भाजता केलेल्या विटांत ते नुसतं पाणी शोषतं, ताकद कमी करतं. सिमेंट-काँक्रीटच्या राखेसाठी भारतीय मानक आयएस 3812 (भाग 1) मध्ये ज्वलन-घट जास्तीत जास्त 5 टक्के चालते.

मी कोठ्यासाठी विटा घेताना एका विटवाल्याला एलओआयचा कागद मागितला. तो म्हणाला, "राख चांगलीच आहे, पाहा ना रंग." रंगावर विश्वास ठेवू नका, लोहानंही रंग बदलतो. कागद मागा, आणि त्यावर तारीख किती जुनी आहे तेही बघा. मला दाखवलेला कागद दोन वर्षांआधीचा होता, तोवर राखेच्या गाड्या किती येऊन गेल्या असतील.