वैद्यकाची शाखा आणि घरसंसार

दहावीचा निकाल लागला की हुशार मुलाने डॉक्टर व्हावे, अशी इच्छा घरोघरी प्रकट होते. डॉक्टर म्हणजे कोणत्या शाखेचा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न आरंभीच विचारला पाहिजे.

एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. पुढे १ वर्षाची आंतरवासिता आणि एम.डी. किंवा एम.एस. करावयाचे तर आणखी ३ वर्षे. एकही वर्ष वाया न जाता १८ व्या वर्षी आरंभ करणारा विद्यार्थी तोवर साडेसव्वीस वर्षांचा होतो. विवाह, अपत्ये, आईवडिलांचे वार्धक्य ही सारी याच सुमारास दाराशी येऊन उभी राहतात. प्रवेशपरीक्षेतील क्रमांकाने काही शाखा मिळतात, काही दुरावतात. तथापि मिळण्याजोग्यांतून निवड करणे आपल्याच हाती असते.

प्रसूतीची घटका घड्याळ पाहून येत नाही, आणि अपघात झाला की शल्यविशारदास मध्यरात्रीही उठावे लागते. याउलट शरीरविकृतिशास्त्र किंवा त्वचारोग यांतील बहुतेक काम दिवसाउजेडी होते. म्हणून या शाखा हलक्या, असे मात्र कोणी समजू नये. गाठ कर्करोगाची आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगणाऱ्याच्या निर्णयावर पुढील सारे उपचार अवलंबून असतात.

सेवेचे व्रत घेणाऱ्याने घराचा विचार करावा काय, असे कोणी विचारील. अवश्य करावा, असे आम्ही म्हणतो. निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे, असे १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेनेच म्हटले आहे. थकलेल्या, घरच्या चिंतेने ग्रासलेल्या वैद्याच्या हातून रुग्णाचेही हित साधत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. घर कसे सांभाळशील, हा प्रश्न केवळ मुलींनाच विचारला जातो आणि त्यांना ‘सोयीची’ शाखा सुचविली जाते. १८८६ साली पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांनी प्रबंधासाठी प्रसूतिशास्त्राचाच विषय घेतला होता. रात्रीअपरात्री बोलावणे येणारी शाखा एखाद्या मुलीस मनापासून आवडत असेल, तर तिच्या घरानेच आपली घडी थोडी बदलावी. आणि तोच प्रश्न मुलग्यांनाही विचारावा. कारण मूल आजारी पडले म्हणजे त्याला आईइतकीच वडिलांचीही गरज असते.

विद्यार्थी मित्रहो, कोणत्या शाखेत प्रतिष्ठा व पैसा अधिक, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्या शाखेतील डॉक्टरांचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे तुम्ही त्यांच्याकडूनच जाणून घ्या आणि मग घरच्या मंडळींशी विचारविनिमय करा.