दारू सोडायला नुसती शपथ का पुरत नाही?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ आणि कुपवाडमधून एमडीचा मोठा साठा पकडला. तेव्हापासून आपल्याकडे नशा म्हटलं की एमडीचीच चर्चा होते. शिरोली एमआयडीसीतल्या कामगार तरुणांमध्ये वावरताना आम्हाला रोज दिसते ती मात्र देशी दारू, मावा आणि अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्या. यावर मथळे होत नाहीत.

फौंड्रीत भट्टीच्या धगीत पाळी काढून सांगली फाट्यावर आलेला पोरगा सांगतो, "थोडी घेतली की अंग मोकळं होतं." त्याला आपण बहाणा म्हणतो. पण तो खरं बोलत असतो.

आपलं शरीर स्वतःची अफू स्वतःच तयार करतं. अफू-मॉर्फिन मेंदूत ज्या ठिकाणी जाऊन चिकटतात ती ठिकाणं १९७३ मध्ये सापडली. निसर्गाने ती बाहेरच्या अफूसाठी ठेवली असतील का, या प्रश्नाचा माग काढत १९७५ मध्ये ॲबरडीनच्या ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतच तयार होणारी तशी द्रव्यं शोधली. त्यांच्यातलाच एक गट म्हणजे एंडॉर्फिन, शरीरातलं मॉर्फिन. वेदना बोथट करणं, जिवाला शांत वाटणं, माणसांत मिसळल्यावर बरं वाटणं, यात या द्रव्यांचा हात असतो. दारू हा साठा ओतायला लावते. ट्रॅमाडॉलसारखी गोळी तर थेट त्या जागेवर जाऊन बसते. म्हणूनच २०१८ मध्ये ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणली गेली.

हे रोज होऊ लागलं की शरीर हिशेब बदलतं. त्या जागा बधिर होतात, स्वतःची यंत्रणा मंदावते. मग नशा थांबवली की साधी कंबरदुखीही असह्य होते, झोप येत नाही, घरच्यांवर चिडचिड होते. यामागे डोपामिन आणि इतर यंत्रणाही असतात, सगळं एंडॉर्फिनवर ढकलता येणार नाही. पण एक गोष्ट बोलकी आहे. नाल्ट्रेक्सोन हे औषध त्याच जागा अडवतं, आणि त्याने अनेकांची दारूची ओढ कमी होते. अमेरिकेत दारूच्या व्यसनावर ते १९९४ पासून मान्यताप्राप्त आहे.

आता आपल्याबद्दल. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातलं पाचवं शील तेच सांगतं. त्यात कसलीही तडजोड नको. पण आपण त्या शीलाची काठी करतो. पिणाऱ्याला जयंतीच्या वर्गणीला बोलावतो आणि वंदनेला टाळतो. शिबिरात शपथ देतो, पोरगा आठवड्यात पुन्हा पितो, मग "याच्यात दमच नाही" म्हणून मोकळे होतो.

यात जिवाचा धोकाही आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला शपथ देण्याआधी डॉक्टरकडे न्यायलाच हवं. २०१९ च्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात.

ध्यानाने एंडॉर्फिन वाढतं, असं आपले काही प्रवचनकार बिनधास्त सांगतात. ते जपून सांगावं. २०१६ च्या एका अमेरिकन प्रयोगात या जागा औषधाने बंद केल्यावरही ध्यानाने वेदना कमी झाल्या, म्हणजे ध्यानाची वाट बहुधा निराळीच असावी. आमच्या मते ही उलट चांगली बातमी आहे: ज्याची ही यंत्रणा दारूने थकवली आहे, त्यालाही ध्यानाचा आधार मिळू शकतो. औषध बंद करून मात्र नव्हे.

शिरोलीत खरी अडचण पुढे येते ती खाड्याची. कंत्राटी कामगार चार दिवस उपचाराला गेला की चार खाडे, आणि परतल्यावर जागेवर दुसराच उभा. तेव्हा विहार समित्यांनी फलकावर १४४४६ हा मोफत व्यसनमुक्ती क्रमांक लिहावा, सीपीआरच्या मानसोपचार विभागात सोबत कुणी जायचं हे ठरवावं, आणि कामगार संघटनांसोबत कंत्राटदाराकडे उपचाराच्या दिवसांची रजा मागावी. ईएसआय कार्ड नसलेल्यांची यादी करायला पुढचा रविवार पुरेसा आहे.