जुन्या कायद्याचा धाक आणि कुलूपबंद मजले

अमरावतीच्या साईनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत संध्याकाळी फेरफटका मारा. वरच्या मजल्यावरच्या कितीतरी खिडक्या अंधारात दिसतील. मुले पुण्याला, म्हातारा-म्हातारी खाली आणि वरच्या दोन खोल्यांना कुलूप. भाडेकरू का ठेवत नाही, असे विचारले तर ठरलेले उत्तर मिळते, ‘एकदा घुसला का निंगत नाही, साहेब!’

हा धाक एके काळी खरा होता. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा आपल्या वऱ्हाडात नव्हता; आपल्याकडे होता सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश, १९४९. त्याप्रमाणे घरमालकाने आधी भाडेनियंत्रकाची परवानगी मिळवायची, मग नोटीस द्यायची आणि त्यानंतर दिवाणी दावा लावायचा. अपिले वेगळीच. आजोबाने सुरू केलेले प्रकरण नातवाच्या हाती यावे, यात कुणाला नवल वाटत नसे. बँकेत असताना गहाणाच्या कागदांत घरात जुना भाडेकरू आहे असे दिसले, की आम्ही त्या घराची किंमत मनातल्या मनात खाली आणत असू.

पण तो आदेश जाऊन पाव शतक उलटले. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा यांचे निरनिराळे कायदे रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही! अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्या राज्यात चालत नाही.

म्हणजे गंमत पाहा. ‘कागद केला का भाडेकरू पक्का होते’ म्हणून जो कागद टाळतो, तोच स्वतःचा हात दगडाखाली देतो. उलट राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार नीट नोंदवला असेल, तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. आता ही नोंदणी घरबसल्याही होते.

दुसरा प्रश्न पैशांचा. माझ्याकडे येणारे बहुतेक जण विचारतात, ‘कर्ज काढून वर मजला चढवू का? भाड्यातून हप्ता फिटेल!’ फिटत नाही. समजा, बांधकामाला बारा लाख लागले आणि भाडे सहा हजार आले. वर्षाचे झाले बहात्तर हजार. एक महिना जागा रिकामी. घरपट्टी, रंगरंगोटी, मोटारीची दुरुस्ती यांत आणखी बारा हजार. उरले चोपन्न हजार, म्हणजे साडेचार टक्के. कर्जाचे व्याज याहून कितीतरी जास्त. बांधायचेच असेल तर साठवलेल्या पैशांतून बांधावे. आणि बांधलेले असेल तर रिकामे ठेवू नये, कारण कुलपालाही घरपट्टी लागतेच. आयकरात मालकाने भरलेली घरपट्टी वजा जाऊन उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर दमडी खर्च होवो न होवो. पुष्कळ निवृत्तांना हे ठाऊकच नसते.

भाडेकरूचेही ऐकावे. या बंद मजल्यांमुळे बदलीवर आलेला शिक्षक, कृषी विद्यापीठात शिकायला आलेली मुलगी चढ्या भाड्याने कोंदट खोलीत राहते. तिला भाड्याची पावती मिळाली पाहिजे, हा तिचा कायदेशीर हक्क आहे. आणि भांडण झाले म्हणून तिचे पाणी तोडता येत नाही; त्यालाही कायद्यात मनाई आहे. अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढला, त्याला ही मनाई का, हे समजावून सांगायला नको. नळ रोज येतोच असे नाही. तेव्हा मोटार कुणी लावायची, टाकी कुणी भरायची आणि टँकर आला तर पैसे कुणी द्यायचे, हेही करारातच लिहून घ्यावे.